लाल पट्टी आधी लावा

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयाच्या सभासदांची नोंद मायएसक्यूएलमध्ये आहे आणि जुन्या पुस्तकांची यादी एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये. कार्यालयात विंडोज, माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आणि चिटणीसांकडे मॅक. तिन्हीकडे चालेल, दोन्ही डेटाबेस उघडेल असं फुकट साधन कोणतं?
– ग्रंथपाल, वाई

उत्तर : डीबीवरची कम्युनिटी आवृत्ती घ्या. ती मुक्तस्रोत आहे, अपाचे 2.0 परवान्याखाली मिळते आणि तुमच्या तिन्ही यंत्रांवर सारखीच दिसते. म्हणजे चिटणीसांनी फोनवर विचारलं तर तुम्ही तुमच्या पडद्यावर बघून त्यांना सांगू शकाल. त्याची पैसे देऊन घ्यायची आवृत्तीही आहे, पण तुमच्या कामाला ती लागत नाही.

नुसती पुस्तकांची यादी असती तर मी डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट सांगितलं असतं, ते हलकं आणि सोपं आहे. मायएसक्यूएल वर्कबेंचही तिन्हीकडे चालतं, पण मायएसक्यूएलपुरतंच. हायडीएसक्यूएल मी कित्येक वर्षं वापरलं, फार चपळ आहे, मात्र ते मुळात विंडोजसाठी घडलेलं. डीबीवर जावात लिहिलेलं असल्यामुळे जुन्या संगणकावर उघडायला वेळ घेतं, तेवढं सोसा. पहिल्यांदा जोडणी करताना ते त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलायला लागणारा छोटा प्रोग्राम) उतरवून घेतं, म्हणून त्या दिवशी इंटरनेट चालू ठेवा.

आता कळकळीने सांगते ते ऐका. एका पतसंस्थेत मी एका सभासदाचा पत्ता बदलत होते. अपडेटची आज्ञा तीन ओळींची होती. माउसने वरच्या दोनच ओळी निवडल्या गेल्या, कोणाचा पत्ता बदलायचा ते सांगणारी व्हेअरची तिसरी ओळ खाली राहिली आणि मी ती चालवली. क्षणात सगळ्या सभासदांचा पत्ता एकच झाला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, पण त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी पावत्या समोर ठेवून हातानं पुन्हा भराव्या लागल्या. रात्री साडेदहाला शेवटची पावती संपली. माझ्याबरोबर थांबलेल्या कारकुनाचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून सभासदांच्या डेटाबेसची जोडणी करताना तिचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ निवडा. त्या जोडणीला लाल रंग येतो, कुठे काम करतोय ते विसरायला होत नाही. मग वरच्या पट्टीत ऑटो-कमिट, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप लगेच पक्का होणं, बंद आहे ना, ते बघा. बंद असेल तर बदल केल्यावर किती ओळी बदलल्या तो आकडा वाचायचा. एकच पत्ता बदलायचा होता आणि आकडा मोठा दिसला तर रोलबॅक दाबून बदल मागे घ्यायचा, आकडा बरोबर असेल तर कमिट दाबून तो पक्का करायचा. एक मात्र तपासा : मायएसक्यूएलमध्ये टेबल साठवण्याचे वेगवेगळे प्रकार असतात, तुमचे टेबल त्यातल्या इनोडीबी प्रकारचे आहेत का? जुन्या प्रणालीत मायआयसॅम असू शकतं, आणि त्यात रोलबॅक चालत नाही. चिटणीसांना फक्त बघायचं असेल तर त्यांच्यासाठी निव्वळ वाचायची परवानगी असलेलं वेगळं खातं करा. एसक्यूलाइटची फाइल उघडण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. एकच फाइल आहे, मिनिटाचं काम.

आणि मराठी नावांचं. सभासदांची यादी सीएसव्हीमध्ये काढून एक्सेलमध्ये उघडलीत की नावांऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसतील, तेव्हा डेटा बिघडला म्हणून घाबरू नका. निर्यात करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 ठेवा आणि ती पद्धत एक्सेलला ओळखता यावी म्हणून ‘इन्सर्ट बीओएम’ या चौकोनात खूण करा, नावं नीट दिसतील. पण डीबीवरमध्येच नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर फॉन्ट बदलत बसू नका. बहुतेक वेळा ती नावं साठवतानाच गेलेली असतात. तसं असेल तर कॉलमचा कॅरॅक्टर सेट (त्यात कोणती अक्षरं मावतात ते ठरवणारी सेटिंग) आधी यूटीएफ8एमबी4 करून घ्या आणि नावं सभासद-अर्जांवरून पुन्हा भरा. कागदी अर्ज अजून कपाटात असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नका.