विंच बसवावा की ट्रॅक्टर बोलवावा?

प्रश्न : गंगाखेडजवळ गोदाकाठी शेत आहे. फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी) पिकअप पावसाळ्यात काळ्या रानात रुतते. विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारं यंत्र, गाडीला बसवू का?
— एक शेतकरी, जि. परभणी

उत्तर : भाऊ, गाडी रुतते तिथं दोर कशाला बांधणार, ते आधी बघा. बांधावर जुनी बाभूळ नाहीतर लिंब असेल तर ठीक. नुसतं सोयाबीनचं मोकळं रान असेल, तर ठोकलेली मेख ओल्या मातीतून मुळ्यासारखी उपटून येते.

घ्यायचाच तर मालासकट गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा घ्या. तीन टनांना साडेचार टन. दुकानदार सांगतो ती ताकद ड्रमवर दोराचा एकच थर असताना मिळते. थर वाढले की ओढ घटते. कप्पी लावली तर ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. पूर्ण ताणावर मोटर चारशेच्या आसपास अँपिअर खाते, म्हणून इंजिन चालूच ठेवायचं. म्हातारी बॅटरी असली तर आधी ती बदला.

माझं विचाराल तर शेजारी ट्रॅक्टर असताना पहिला पैसा चिखलाच्या टायरला घाला. आपली चिकट माती साध्या टायरच्या खाचा बुजवते, मग फोर-बाय-फोर असूनही चारही चाकं जागीच फिरतात. रात्री-अपरात्री पाण्याची मोटार चालू करायला एकटेच जात असाल आणि फोनला रेंज नसेल, तर मात्र विंच बसवा. ओढताना दोरावर ओलं पोतं टाका आणि पोरांना लांब उभं करा. तारेचा दोर तुटला तर पाय मोडतो.