सोलन की क्लीव्हलंड हाइट्स? आधी तळघरात उतरा

तुम्ही लिहिलंय ते असं: ऑगस्टपासून अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलंडला, युनिव्हर्सिटी सर्कल या भागातल्या रुग्णालयात तुमची नोकरी, मुलगी तिसरीत, मुलगा साडेतीन वर्षांचा, निदान पहिलं वर्ष एकच गाडी, आणि थंडी सरली की गुडघेदुखीवाल्या सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार. ओळखीतली सगळी मराठी मंडळी सोलन या उपनगरात घर बघा म्हणतात, पण तुमची होणारी बॉस क्लीव्हलंड हाइट्स या दुसऱ्या उपनगरात राहते. आम्ही बारा वर्षं हाइट्समध्ये आहोत, १९२४ साली बांधलेल्या घरात. तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी आहे, हे धरूनच वाचा.

हाइट्स हे नाव उगाच पडलेलं नाही. युनिव्हर्सिटी सर्कल पायथ्याशी आणि गाव वर पठारावर आहे. मधला सीडर हिल हा रस्ता चढाचा, पण घाट म्हणावा असा नाही, चतुःशृंगीच्या टेकडीची आठवण येईल इतपतच. सकाळी बसने दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही कामावर. सोलन आग्नेयेला वीसेक मैलांवर, म्हणजे तिथे गाडीशिवाय पान हलत नाही. एका गाडीत तुमची ड्युटी, मुलाचं डे-केअर आणि नवऱ्याच्या मुलाखती बसवून बघा. पहिल्या हिवाळ्यात नवरा-बायकोची निम्मी भांडणं गाडीवरूनच होतात. बर्फ मात्र हाइट्सवर खालच्या शहरापेक्षा जास्त पडतो. ईरी सरोवरावरून आलेले ढग पूर्वेकडच्या उंचवट्यावर येऊन रिकामे होतात. घरासमोरचा फुटपाथ घरमालकानेच साफ करायचा असतो.

आता घराबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. इथली बहुतेक घरं दुसऱ्या महायुद्धाआधीची. ओकची जमीन, रंगीत काचेच्या खिडक्या, रस्त्यावर कमान धरणारी झाडं असं सगळं बघून आपण पाघळतो. एजंटही ‘कॅरेक्टर आहे घराला’ म्हणतो. आम्हीही पाघळलो होतो. पहिल्याच वसंतात बर्फ वितळला, मोठा पाऊस झाला आणि तळघरातल्या मोरीतून सांडपाणी वर आलं. घरापासून रस्त्याखालच्या मोठ्या गटारापर्यंतची वाहिनी शंभर वर्षांपूर्वीच्या मातीच्या नळ्यांची. ज्या झाडावर आम्ही भाळलो होतो त्याच्याच मुळ्या तिच्यात शिरल्या होत्या. ही वाहिनी अंगणातून जाते तेवढी तरी मालकाची जबाबदारी. अंगण खणलं आणि त्या वर्षीची भारतवारी रद्द झाली. घर घेण्याआधी प्लंबरकडून नळीत कॅमेरा घालून घेतला असता तर दोन-तीनशे डॉलरमध्ये कळलं असतं.

म्हणून घर बघायला गेलात की दिवाणखान्यात रेंगाळू नका, आधी तळघरात उतरा. भिंतीवर पाण्याची पांढरट रेघ आहे का, कोपऱ्यात कुबट वास येतो का, बॉयलरच्या पाइपांवर प्लास्टरसारखं जुनं आवरण आहे का (ते बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, हात लावू नका), छताच्या तुळयांवर चिनीमातीच्या बोंडांवरून गेलेली जुनी वायर दिसते का, ते बघा. तशी वायर असली की काही विमा कंपन्या घराला हातच लावत नाहीत. हाइट्समध्ये घर विकताना नगरपालिकेचा निरीक्षक येतो आणि दुरुस्त्यांची यादी देतो. त्या विकणाऱ्याने करायच्या, नाहीतर घेणाऱ्याने पैसे बाजूला ठेवून अंगावर घ्यायच्या. ही यादी जरूर मागा, पण तिच्यावर विसंबू नका. नगरपालिका उखडलेला रंग आणि तुटलेल्या पायऱ्या बघते, तुमच्या गटारात डोकावत नाही. स्वतःचा निरीक्षक वेगळा लावा.

तुमच्या धाकट्यासाठी जुन्या रंगातलं विषारी शिसं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे इथल्या जवळजवळ प्रत्येक घरात जुन्या थरांखाली तो असणारच. भिंतीवरचा शाबूत रंग फारसा त्रास देत नाही. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्यांच्या घर्षणातून धूळ पडते आणि ती रांगत्या-खेळत्या मुलांच्या हाताला लागून तोंडात जाते. कायद्याने विकणाऱ्याला माहीत असलेलं सगळं सांगावं लागतं आणि तुम्हाला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. घाईच्या बाजारात एजंट ते सोडून द्यायला सांगेल. सोडू नका. डॉक्टरांकडून मुलाच्या रक्ताची चाचणीही करून घ्या. भाड्याच्या घरातही मालकाला माहीत असलेलं सांगावं लागतं, तपासणीचे दहा दिवस मात्र विकत घेतानाच मिळतात.

पैशांचं गणित इथे उलटं चालतं. घर सोलनपेक्षा स्वस्त मिळतं म्हणून आपण खूश होतो, आणि मग मालमत्ता कर कळतो: वर्षाला घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांहून वर धरून चाला. कारण साधं आहे. १९६० साली या गावात जवळपास ६२ हजार माणसं होती, २०२० मध्ये ४५ हजार. रस्ते, गटारं, शाळांच्या इमारती तेवढ्याच राहिल्या, वाटून घेणारे कमी झाले. कारखाने, मोठी ऑफिसं इथे कधी नव्हतीच, मग भार घरांवर. त्यावर शहराचा आयकर आहे, जो पुण्याहून येणाऱ्या कुणालाच माहीत नसतो. तुम्ही काम क्लीव्हलंडमध्ये करणार, म्हणजे अडीच टक्के तिथे कापले जाणार. हाइट्स त्याची अर्धवटच वजावट देतं, म्हणून वर आणखी काही भरावं लागतं. काही गावं पूर्ण वजावट देतात. दोन्ही गावांचा हिशेब कागदावर मांडा, महिन्याच्या हप्त्यावर जाऊ नका.

शाळांचं म्हणाल तर सोलन राज्यात वरच्या रांगेत आहे, हे खरंच. हाइट्सच्या शाळांना गुण कमी पडतात. त्यातला बराचसा फरक पालकांच्या उत्पन्नाचा, पण सगळा नाही. आमच्या मोठ्याला गणित शिकवायला आम्हाला घरी बसावं लागलं. त्याच वेळी वाद्यवृंद, नाटक आणि दोन-तीन शिक्षिका अशा मिळाल्या की त्यांच्यासाठी मी कर आनंदाने भरते. मधला मार्ग हवा असेल तर शेजारचं शेकर हाइट्स बघा. तिथे शाळांत आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे आणि क्लीव्हलंडच्या मध्यवर्ती भागात जाणारी ‘रॅपिड’ ही ट्रामसारखी रेल्वेही. एक सावधगिरी घ्या: गावाची हद्द आणि शाळेची हद्द एक नसते. क्लीव्हलंड हाइट्सचा एक छोटा तुकडा ईस्ट क्लीव्हलंडच्या शाळांकडे जातो. पत्ता घालून तपासा.

‘तो भाग बरा नाही गं’ असं तुम्हाला कुणी सांगितलंय, ते तुम्ही जरा चाचरत लिहिलंय. त्यावर मला चिडायला होतं, तरी नीट सांगते. १९७२ साली इथल्या सेंट अ‍ॅन चर्चच्या बायका गिऱ्हाईक बनून एजंटांकडे गेल्या आणि त्यांनी नोंदलं की गोऱ्यांना एका बाजूची घरं दाखवतात, काळ्यांना दुसऱ्या. ते १९६८ पासूनच बेकायदा होतं. आज एजंट तसं बोलत नाही, पण आपलीच माणसं जेवणाच्या टेबलावर ते काम फुकटात करतात. कुठली गल्ली, काय घडलं, कधी, एवढं विचारा. बहुतेकांकडे उत्तर नसतं. माझ्या गाडीची काच एकदा फुटली, ओसरीवरून दोन पार्सलं गेली. बारा वर्षांत एवढंच.

गमावतो ते मात्र खरं गमावतो. आपल्या किराण्यासाठी लांब जावं लागतं, देऊळ पार्मा या दुसऱ्या उपनगरात, गणपतीच्या आरतीला गाडी काढायची. सोलनला मुलीला वर्गात चार मराठी मैत्रिणी मिळतील, इथे कदाचित एकही नाही. माझ्या मुलांचं मराठी घरापुरतंच उरलंय, आणि त्याचा दोष मी गावाला देत नाही, पण खंत आहे. बदल्यात शनिवारी टेलर रोडवर बाबागाड्या ढकलत सिनेगॉगला चालत निघालेली कुटुंबं बघत, काळ्या शेजारणीच्या हातचा पीच कॉब्लर खात ती वाढली.

माझा सल्ला: आल्या आल्या घर घेऊ नका, वर्षभर भाड्याने राहा. इथे ‘डबल’ नावाची घरं असतात, खाली एक कुटुंब, वर एक. शक्यतो तळमजला मागा. रात्री रस्त्यावर गाडी लावायला मनाई आहे, तेव्हा गॅरेजमधली जागा करारात लिहून घ्या. एक हिवाळा काढा, नवऱ्याला नोकरी कुठे लागते ते बघा. ती दक्षिणेकडे लागली तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवून सोलनला जा.

आणि पुढे विकत घ्यायची वेळ आली तर एक गोष्ट सासूबाईंना विचारून ठेवा. आमच्यासारख्या घरांत आंघोळीची खोली वरच असते, खाली फार तर जिन्याखाली कोंबलेला संडास. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. माझ्या सासूबाई दिवसातून दोनदाच उतरायच्या.