पीएस५ आहेच, मग पीएस५ प्रो घ्यावा की पीएस६ची वाट पाहावी?

तुमच्याकडे साधा पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ गेमिंग कन्सोल) आहे, टीव्ही ४के आहे आणि आता प्रोवर पैसे घालावेत की पीएस६ येईपर्यंत कळ काढावी, असा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर कळ काढा. पण सध्याच्या मशीनमध्ये तुम्हाला नेमकं काय खुपतंय, यावर हे मत बदलू शकतं.

मिड-जेन मशीन (एका पिढीच्या मधोमध येणारं सुधारित मॉडेल, जसा प्रो) काढताना कंपनी मुख्यतः जीपीयूलाच, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागालाच, हात लावते. पीएस५च्या जीपीयूत ३६ कम्प्यूट युनिट्स (गणित करणारे गट) आहेत, प्रोमध्ये ६०. मेमरी २८ टक्के वेगवान आहे आणि रेंडरिंग (चित्र तयार करणं) ४५ टक्क्यांपर्यंत जलद होतं, असं सोनी सांगते. सीपीयू, म्हणजे पात्रं आणि खेळाचं बाकीचं गणित करणारा मुख्य प्रोसेसर, मात्र तोच जुन्या झेन २ रचनेचा, फार तर १० टक्के जास्त वेगाने पळणारा. यामागे कंजूषपणा असेलही, पण खरी अडचण वेगळी आहे. प्रोवरचा गेम साध्या पीएस५वरही चालायलाच हवा. ग्राफिक्स जड झाले तर साध्या मशीनसाठी रिझोल्यूशन उतरवून भागतं. सीपीयूच्या जोरावर गजबजलेलं शहर उभं केलं, तर साध्या मशीनसाठी त्यातली अर्धी माणसं हाकलणार कशी?

'ड्रॅगन्स डॉग्मा २' खेळला असाल तर व्हर्नवर्थ शहरात शिरल्यावर फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कसा ढेपाळतो ते पाहिलंच असेल. तिथे प्रत्येक पात्राचं गणित सीपीयू करत असतो. अशा ठिकाणी प्रोचा तगडा जीपीयू नुसता बसून राहतो.

मागच्या पिढीतही हेच झालं. २०१६च्या पीएस४ प्रोचा जीपीयू मूळ पीएस४च्या दुपटीहून ताकदवान होता, १.८४ वरून ४.२ टेराफ्लॉप (गणनक्षमतेचं माप). तरी 'डेज गॉन' त्याच्यावर ३० फ्रेम्सलाच चालायचा, चित्र तेवढं जास्त रेखीव. तोच गेम पीएस५वर ६०ला गेला. लोडिंगचंही तसंच. २०१९मध्ये प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी 'स्पायडर-मॅन'मधला फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरच्या दूरच्या जागी थेट पोचणं) दाखवला होता: पीएस४ प्रोवर १५ सेकंद, पुढच्या पिढीच्या डेव्हकिटवर (गेम बनवणाऱ्यांसाठीच्या मशीनवर) ०.८ सेकंद. पिढी बदलते ती अशी.

तेव्हा खरेदीआधी घरच्या घरी एक चाचणी करा. तुमच्या आवडत्या गेममध्ये जिथे हमखास अडकल्यासारखं होतं, तिथे जाऊन उभे राहा. गेमच्या सेटिंग्जमध्ये क्वालिटी मोडवरून (चित्राला प्राधान्य) परफॉर्मन्स मोडवर (वेगाला प्राधान्य) या. अडकणं थांबलं आणि चित्र धुरकट झालं (झाडांची पानं, केस, दूरच्या जाळ्या चमचमायला लागल्या), तर दुखणं जीपीयूचं आहे आणि त्यावर प्रो हा खरा इलाज आहे. प्रोमधलं पीएसएसआर नावाचं एआय अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं आणि रेखीव करणं) नेमकं हेच काम करतं, परफॉर्मन्स मोडचा वेग ठेवून चित्र सावरण्याचं. मोड बदलूनही त्याच जागी तसंच अडकत असेल, तर बहुधा सीपीयू दमलाय. मग प्रो घेऊन हाती फारसं काही लागणार नाही.

आणि हो, टीव्हीपासून किती लांब बसता तेही बघा. लहान टीव्ही आणि लांब सोफा असेल तर हा फरक व्हिडिओ थांबवून, झूम करूनच दिसणार. यूट्यूबवरच्या तुलना तशाच तर असतात!

थांबलात तर गेम हुकतील ही भीती मात्र सोडा. पीएस५ आला नोव्हेंबर २०२०मध्ये, आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' व 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हे सोनीचे मोठे गेम २०२२मध्येही पीएस४वर आलेच. गेम बनवण्याचा खर्च आता इतका वाढलाय की जुन्या मशीनवरचं गिऱ्हाईक कुणीच पटकन सोडत नाही. पीएस६च्या वेळी याहून वेगळं होईल असं मला वाटत नाही.

तुमच्याकडे अजून कुठलाच कन्सोल नसता, किंवा पीएस४वरून थेट उडी मारायची असती आणि टीव्ही मोठा असता, तर मी डोळे झाकून प्रो घ्या म्हटलं असतं. चाचणीनंतर तुम्हीही प्रोच घ्यायचं ठरवलंत, तर एक ध्यानात असू द्या: त्यात डिस्क ड्राइव्ह येत नाही. गेम डिस्कवर असतील तर ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.