जहाजावर मिसेस पडल्या, अकरा महिने झाले, आता दावा लावता येईल का?

तुमचा मेल लांबलचक आहे. दीडशे प्रवाशांचं छोटं जहाज, सूटला स्वतःची बाल्कनी, दुसऱ्या दिवसापासून स्टाफ नावानं हाक मारायला लागला, शेवटची दोन बंदरं गाळली, सगळं लिहिलंय. पण जी गोष्ट मला आधी हवी होती ती शेवटच्या पॅरात जाता जाता आली. अलास्कात रबरी बोटीतून जहाजावर परत चढताना मिसेस पडल्या आणि मनगट मोडलं तो दिवस गेल्या वर्षीचा १४ जून. आज मे अर्धा संपला.

तुम्ही म्हणता नेटवर वाचलं, तीन वर्षं मुदत असते. अमेरिकेच्या सागरी कायद्यात इजेच्या दाव्याला तीन वर्षं आहेत हे खरंच आहे, पण ती मुदत तिकिटाच्या करारात कमी करायची मोकळीक त्याच कायद्यानं जहाज कंपनीला दिलीय, फक्त एक वर्षाच्या खाली जाता येत नाही. आणि बहुतेक कंपन्या बरोब्बर एकच वर्ष ठेवतात. तुम्हीच जोडलेल्या पीडीएफमध्ये तेच आहे, लेखी नोटीस सहा महिन्यांत आणि केस एक वर्षात, दोन्ही इजा झाली त्या दिवसापासून. ही पीडीएफ तुम्हाला बुकिंगच्या वेळीच आली होती, ऑनलाइन चेक-इन करताना 'मान्य' वर टिकही केलं होतंत. तेव्हा वाचली नाही हे समजू शकतो, पण हात मोडल्यावर तरी वाचायला हवी होती ना. अकरा महिने!

अजून एक गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो. तुम्ही २० जूनला व्हँकुव्हरला उतरलात, कुणीतरी म्हणेल मुदत उतरल्यापासून मोजायची आणि दोन वर्षं असते. ते अथेन्स करारातलं आहे, म्हणजे जहाजाच्या प्रवाशांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातलं, युरोपातल्या बऱ्याच प्रवासांना लागू होतं. तुमच्या कागदावर ते नाही. तुमची तारीख १४ जून, आणि मी तुमच्या जागी असतो तर १० च्या पुढे जाऊ दिलं नसतं.

सहा महिन्यांची नोटीस चुकली त्याची मला एवढी काळजी नाही. जहाजाच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं, घटनेचा रिपोर्ट लिहून मिसेसची सही घेतली, म्हणजे कंपनीला इजा माहीत होती. कंपनीला माहीत असेल आणि नोटीस न मिळाल्यानं तिचं नुकसान झालं नसेल तर कोर्ट तेवढ्यावरून दावा फेटाळत नाही, ही सवलत कायद्यातच आहे. एक वर्षाच्या मुदतीला मात्र अशी सवलत नाही.

आता त्या मेलांबद्दल. गेस्ट रिलेशन्सची बाई तुम्हाला दर महिन्याला लिहिते, प्रकरण तपासतोय, मिसेस कशा आहेत, आणि तुम्ही म्हणता 'ते इतके चांगले वागतायत की केसची भाषा करायला बरं वाटत नाही'. अशी पत्रं मला सारखी येतात आणि जास्त करून छोट्या, महागड्या जहाजांवरून आलेल्या लोकांचीच येतात. तिथली आपुलकी खरी असते, हॉटेल मॅनेजर स्वतः केबिनमध्ये फुलं घेऊन आला ते मनापासूनच असेल. पण दावे बघणारं ऑफिस वेगळं असतं आणि ते तारीख बघतं. त्या बाईच्या एकाही मेलनं तुमची मुदत एका दिवसानंही वाढलेली नाही. त्यांना खरंच आपसात मिटवायचं असेल तर मुदत वाढवल्याचं पत्र द्यायला सांगा, लीगल किंवा क्लेम्स विभागाच्या सहीचं, नवीन तारीख लिहिलेलं. आठवड्यात आलं तर ठीक, नाही आलं तर केस.

केस कुठे, तर तुमच्या तिकिटाच्या करारातल्या कलमात मायामीचं फेडरल कोर्ट लिहिलंय, तिथेच. आपल्या गावच्या कोर्टात टाकू आणि मग बघू हा विचार सोडा. १९९१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं असंच कलम मान्य केलं, जहाजाचं किचन बघायला गेलेली बाई डेकवरच्या मॅटवरून घसरली होती, नवरा-बायको वॉशिंग्टन राज्यातले आणि त्यांना फ्लोरिडात जावं लागलं. चुकीच्या कोर्टात टाकलेली केस परत यायला वर्ष जातं आणि तोवर खरी मुदत उलटून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथला सागरी दाव्यांचा वकील याच आठवड्यात धरा, असे बरेच जण भरपाई मिळाली तरच फी घेतात.

दावा जिंकाल का हे मी सांगू शकत नाही. तिथे नुसतं पडलं म्हणून पैसे मिळत नाहीत, कंपनीचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण तुमच्या तिसऱ्या फोटोवर मी बराच वेळ थांबलो. प्लॅटफॉर्मवरचा रबरी मॅट अर्धा गुंडाळलेला दिसतोय आणि खलाशी एकच आहे, त्यानं मिसेसचा पंजा धरलाय. पहिल्याच दिवशी ब्रीफिंगमध्ये शिकवतात की एकमेकांचा हात मनगटाच्या वर घट्ट धरायचा, कारण ओला पंजा निसटतो. तुम्हालाही शिकवलं होतं असं तुम्हीच लिहिलंय. हा फोटो मूळ फाइलसकट जपा, व्हॉट्सॲपवरून आलेला नको. सीसीटीव्ही, घटनेचा रिपोर्ट आणि त्या दिवशीच्या बोटींच्या नोंदी राखून ठेवा असं कंपनीला आजच लेखी कळवा, फुटेज कदाचित कधीच पुसलं गेलं असेल, तरी मागा.

गाळलेल्या बंदरांचं सोडून द्या, मार्ग बदलायचा हक्क करारात जवळपास नेहमीच कंपनीकडे असतो, फार तर बंदराची फी परत मिळेल. डॉक्टरनं हाड नीट बसवलं नाही ही तक्रार वेगळी आहे, त्यात दम असू शकतो, २०१४ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं जहाजाच्या डॉक्टरच्या चुकीसाठी कंपनीवरही दावा लावता येतो असं म्हटलंय, पण ते तिथल्या वकिलाला रिपोर्ट बघून ठरवू द्या. पुढच्या क्रूझसाठी जे क्रेडिट देऊ केलंय त्याच्या फॉर्मवर मात्र सही करू नका, खाली 'सर्व दावे सोडले' अशी ओळ आहे.

आणि तुम्ही विचारलंत की मनगटाचं दुसरं ऑपरेशन जुलैत आहे, ते झालं की सगळी बिलं एकदमच द्यावी का. नाही. बिलं नंतरही जोडता येतात.