पांडा हिवाळ्यात झोपत का नाही आणि डोंगर का चढतो?

तुमचे प्रश्न तीन आहेत: पांडा अस्वलच आहे तर हिवाळ्यात झोपी का जात नाही, आजूबाजूला बांबू असताना डोंगर का चढतो, आणि रानातल्या पांड्यांचा १८६४ हा आकडा आला कुठून. पहिल्या दोघांचं उत्तर पोटात आहे.

आतडं मांसाहाऱ्याचं, म्हणजे आखूड. खाणं मात्र जवळजवळ सगळं बांबू. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो, बाकीचा काही तासांतच बाहेर पडतो. म्हणून दिवसाला १२ ते ३८ किलो चारा आणि त्यापायी दहा-बारा तास. इतक्यावर झोपेपुरती चरबी साठत नाही. बांबू बर्फातही हिरवा असतो, तेव्हा खात राहणंच परवडतं. त्याला आळशी म्हणणं मला पटत नाही. थायरॉईडची संप्रेरकं कमी असल्याने त्याचा ऊर्जेचा खर्चच, तेवढ्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांच्या निम्म्याहून कमी आहे.

चढ-उतारासाठी चीनच्या शाआन्शी प्रांतातली छिनलिंग डोंगररांग घ्या. खालच्या उतारावर बशानिया जातीचा बांबू, वर फार्गेशिया. वसंतात खाली कोंब फुटतात; त्यांत प्रथिनं आणि फॉस्फरस जास्त, काष्ठ कमी. ते निबर झाले की जूनच्या सुमाराला पांडे वर जातात, कारण थंडीमुळे तिथले कोंब उशिरा येतात. तेही संपले की फार्गेशियाचा पाला. कोंबांत कॅल्शियम फारच कमी, पाल्यात बरंच असतं, म्हणून दोन्ही लागतात. मग पुन्हा खाली. माद्या ऑगस्टच्या आसपास कपारीत वितात. पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास, जुळं झालं तर रानात आई सहसा एकच जगवते.

बिघडतं ते बांबू फुलल्यावर. आपल्या मानवेलीसारखाच हा बांबूही फुलला की मरतो, आणि बियांची रोपं खाण्याजोगी व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. पूर्वी पांडे शेजारच्या दुसऱ्या जातीकडे सरकत. मधल्या दऱ्यांत शेती आणि रस्ते आले की ती वाट बंद. १९७० च्या दशकात मिनशान रांगेत असा फुलोरा आला तेव्हा किमान १३८ पांडे मेलेले सापडले. २०२१ मध्ये अधिकृतपणे स्थापन झालेल्या पांडा राष्ट्रीय उद्यानाचा खरा उपयोग मला जंगलाचे तुटलेले तुकडे जोडण्यातच दिसतो.

१८६४ हा चीनमधल्या रानटी पांड्यांच्या चौथ्या राष्ट्रीय गणनेचा आकडा, आणि तो बराचसा विष्ठेवरून काढलेला. विष्ठेत बांबूचे न पचलेले तुकडे तसेच असतात. प्रत्येकाच्या चाव्याची लांबी थोडी वेगळी असते, म्हणून तुकडे मोजून सरासरी काढतात आणि दोन ढिगांमधलं अंतरही बघतात. सारख्या चाव्याचे दोन पांडे जवळजवळ वावरत असले तर ही पद्धत फसते, दोघांचा एक होतो. तिथे ताज्या विष्ठेवरच्या श्लेष्मातून, म्हणजे आतड्यातल्या चिकट स्रावातून, डीएनए घ्यावा लागतो.