संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो, पानं पिवळी पडतायत, पावसाळ्याआधी कोणतं औषध फवारू?

मी पण नागपूरचाच, अंगणात दोन संत्री आन एक लिंबू आहे. तुम्ही सांगताय तो डिंक्याच दिसतो, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीचा. ती राहते मातीत आणि ओल साचली की खोडाच्या सालीत घुसते, त्यामुळं नुसतं पानांवर फवारून काही होणार नाही.

आधी झाडापाशी बसून कलमाचा जोड दिसतो का बघा. मातीत गाडला गेला असेल तर माती ओढून तो मोकळा करा, जोड जमिनीच्या वीतभर वर पाहिजे. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात लोकं खोडाला लागूनच आळं करतात, वरून कूलरचं पाणी पण तिथंच सोडतात, मग डिंक्या नाही होणार तर काय! दुहेरी आळं करा, म्हणजे खोडाभोवती आतला गोल मातीचा उंचवटा कोरडा आन पाणी फक्त बाहेरच्या गोलात. पावसाचं पाणी निघून जायला चर पण काढून ठेवा.

मग बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्याच बादल्यांत (लोखंडी भांडं नको), मोरचूद विरघळायला वेळ घेतं म्हणून रात्रीच भिजवा. चुना विझताना भांडं चांगलंच तापतं, पोरांना लांब ठेवा. सकाळी दोन्ही एकत्र ओतून ढवळा आणि त्यात घासलेला चाकू बुडवा, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना टाका. जिथं डिंक आहे तिथली सडलेली साल धारदार चाकूनं खरवडून जाळून टाका, मग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पेस्ट लावा. त्याच दिवशी संपवायची, उरलेली उद्या चालत नाही. एकदा पावसाळ्याच्या आधी, एकदा नंतर. नुसता गेरू-चुना दिसायला छान, पण त्यात मोरचूद नसतं, तो याच्याऐवजी चालत नाही.

वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, फळं तोडून झाल्यावर कापा आणि कापलेल्या जागी हीच पेस्ट लावा. एवढं करूनही डिंक वाढत गेला तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं बुरशीनाशक कृषी केंद्रात मिळतं, प्रमाण पाकिटावरचं. नाहीतर अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाच आहे, तिथं विचारा.

आणि लिंबाच्या पानांवर पिवळी कडा असलेले खरबरीत ठिपके असतील तर तो खैऱ्या, तो जिवाणूचा रोग, त्याला मॅन्कोझेब वगैरे मारून पैसे घालवू नका, तांब्याचं औषधच लागतं.