‘केटी’ आणि ‘काय बे’

प्रश्न : माझा मुलगा सोलापूरच्या विद्यापीठात शिकतो. ‘एक केटी लागली’, ‘लेक्चर बंक केले’, ‘काय बे’ असे तो मित्रांशी सर्रास बोलतो. त्याची भाषा बिघडत चालली आहे काय?
– एक पालक, बार्शी

उत्तर : भाषेची काळजी करू नये, केटीची मात्र जरूर करावी. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या नियमाच्या आद्याक्षरांपासून झालेल्या ‘एटीकेटी’चे ‘केटी’ हे आखूड रूप असून, काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देणारी ती मुळात सवलत आहे, परंतु मुलांच्या बोलण्यात सवलत मागे पडून राहिलेला विषयच ‘केटी’ ठरला, आणि ती मिळण्याऐवजी ‘लागू’ लागली (ग्रहण लागावे तशी!). ‘बे’ तर विद्यापीठाहून जुना आहे. विद्यापीठ २००४ सालचे. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या घरांतील मुले एकाच कट्ट्यावर बसतात, तेव्हा ‘बे’ हे सलगीचे संबोधन असते. चिरंजीव घरी आपल्यालाही ‘काय बे’ म्हणत नसतील, तर कोठे काय बोलावे हे त्यांना नीट समजते.